स्वतंत्र भयखेळांची निर्मिती आणि मराठी भयपरंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे विधान महाविद्यालयीन वर्तुळात आजही काहीसे हलके वाटते. चित्रपटाच्या बाबतीतही एकेकाळी हीच स्थिती होती. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. परंतु चित्रपट हे सामाजिक इतिहासाचे साधन आहे ही गोष्ट आपल्या विद्यापीठांत रुजण्यास अनेक दशके लागली. तोपर्यंत मूकपटांच्या काळातील बहुसंख्य चित्रपट नष्ट झाले होते. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'ही आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. अभ्यासक उशिरा जागे झाले की साधने हातची जातात, याचा यापेक्षा बोलका पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

प्रस्तुत निबंधात व्हिडिओ गेमच्या एका विशिष्ट प्रकाराचा, म्हणजे 'सर्व्हायव्हल हॉरर'चा, आणि त्यातही मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाशिवाय तयार झालेल्या स्वतंत्र खेळांचा विचार केला आहे. या प्रकारात खेळणारा शूर योद्धा नसतो. त्याच्याजवळ साधने अपुरी असतात, शत्रू त्याच्याहून बलवान असतो आणि जिंकण्यापेक्षा तगून राहणे हेच त्याचे उद्दिष्ट असते. सोयीसाठी येथे 'भयखेळ' हा शब्द योजला आहे. हे खेळ कसे तयार झाले, त्यांना पैसा कोठून मिळाला आणि आशियातील काही लहान समूहांनी आपल्या भूतकथांना त्यांत कसे स्थान दिले, हे पाहून महाराष्ट्राकडे वळावयाचे आहे.

उणिवेतून जन्मलेला प्रकार

भयखेळाची वंशावळ साधारणतः १९८९ मधील 'स्वीट होम' या जपानी खेळापासून सांगितली जाते. कॅपकॉम कंपनीसाठी तोकुरो फुजिवारा यांनी तो तयार केला. १९९२ मध्ये फ्रान्समधील इन्फोग्राम्स कंपनीत फ्रेदरिक रेनाल यांनी 'अलोन इन द डार्क' घडविला. त्या काळच्या संगणकांना संपूर्ण त्रिमितीय घर उभे करणे पेलणारे नव्हते. म्हणून पात्रे तेवढी त्रिमितीय ठेवून मागील खोल्या चित्रांप्रमाणे स्थिर ठेवण्यात आल्या. कॅमेरा कोपऱ्यात अडकून पडला आणि पुढच्या वळणावर काय आहे ते दिसेनासे झाले. तांत्रिक अडचणीतून निघालेली ही तोड भीतीला मात्र अत्यंत पोषक ठरली. १९९६ मध्ये शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली आलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल'ने हीच रचना उचलली, गोळ्या मोजक्या ठेवल्या, खेळ कोठवर आला याची नोंद करण्यासाठी लागणारी शाईची रिबिनेही मोजकीच दिली आणि 'सर्व्हायव्हल हॉरर' हा शब्दप्रयोग लोकप्रिय केला. १९९९ मधील 'सायलेंट हिल'चे धुके सर्वांच्या परिचयाचे आहे. प्लेस्टेशन या यंत्राला दूरवरचे दृश्य रेखाटणे जड जात होते. ते झाकण्यासाठी धुके आले आणि तेच त्या खेळाची ओळख होऊन बसले.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. अन्य प्रकारांत जी उणीव मानली जाते ती भयखेळात गुण ठरते. लढाईचा खेळ करावयाचा तर शेकडो हालचाली, शस्त्रे, स्फोट यांवर खर्च करावा लागतो. भयखेळात अंधार, आवाज आणि प्रतीक्षा यांवर भागते. वाडवडील कंदिलाच्या उजेडात भुताची गोष्ट सांगत, तेव्हा त्यांच्याजवळ तरी याहून अधिक काय होते? तथापि या सूत्राचा पुरेपूर लाभ मोठ्या कंपन्यांनी घेतला नाही. २००५ नंतर त्यांनी आपल्या मालिकांना अधिकाधिक लढाऊ वळण दिले. भीतीची मोकळी झालेली जागा लहान निर्मात्यांनी घेतली.

'अॅम्नेशिया'ची निर्मिती

या संदर्भात स्वीडनमधील हेल्सिंगबोर्ग येथे २००७ मध्ये स्थापन झालेल्या फ्रिक्शनल गेम्स या संस्थेचे उदाहरण विस्ताराने पाहण्यासारखे आहे. थॉमस ग्रिप आणि येन्स निल्सन हे तिचे संस्थापक होत. त्यांनी आपले गेम इंजिन, म्हणजे खेळातील प्रकाश, हालचाल, ध्वनी यांचा कारभार पाहणारी मूळ प्रणाली, स्वतःच लिहिली आणि तिला 'एचपीएल' असे नाव दिले. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लवक्राफ्ट यांच्या नावाची ही आद्याक्षरे आहेत. हा तपशील लक्षात ठेवावा; पुढे मराठी साहित्याच्या संदर्भात त्याची पुन्हा गाठ पडेल.

त्यांचा पहिला व्यावसायिक खेळ 'पेनम्ब्रा : ओव्हर्चर' २००७ मध्ये आला. त्यात हातोडा किंवा कुदळ घेऊन प्राण्यांशी झुंजावे लागे आणि ही झुंज फारशी जमलेली नव्हती. पुढील वर्षीच्या 'ब्लॅक प्लेग'मध्ये त्यांनी शस्त्रेच काढून टाकली. येथेच त्यांना आपली वाट गवसली असे म्हणावयास हरकत नाही. लढता येत नसेल तर पळावे लागते, लपावे लागते; आणि लपलेल्या माणसाची कल्पनाशक्तीच त्याला अधिक छळते.

'अॅम्नेशिया : द डार्क डिसेंट' हा खेळ सुमारे तीन वर्षांच्या परिश्रमानंतर ८ सप्टेंबर २०१० रोजी प्रसिद्ध झाला. मुख्य चमू अवघ्या पाच जणांचा होता. स्वतंत्र कार्यालय नव्हते. सदस्य आपापल्या घरूनच काम करीत. कथा १८३९ मधील प्रशियातील एका किल्ल्यात घडते. नायक डॅनियल याच्या हाती तेलाचा कंदील आणि मोजक्या काड्या. अंधारात उभे राहिल्यास राक्षसाच्या नजरेतून सुटका होते, परंतु अंधारातच त्याचे मानसिक संतुलन ढासळू लागते. उजेड करावा तर तेल संपते आणि शत्रूला सुगावाही लागतो. राक्षसाकडे टक लावून पाहणे हेसुद्धा घातक. परिणामी खेळणारा ज्याला भितो त्याचे रूप नीट पाहतच नाही. काटकसरीच्या दृष्टीने ही योजना किती चतुर आहे, हे सांगावयास नको. पाण्याने भरलेल्या तळघरातील एक जीव तर पूर्णतः अदृश्य आहे. पाण्यावर उठणाऱ्या शिंतोड्यांवरूनच तो जवळ आल्याचे कळते. खेळातील सर्वाधिक गाजलेला प्रसंग हाच.

आर्थिक बाजू अधिक उद्बोधक आहे. निर्मात्यांनी वर्षभरानंतर स्वतः जाहीर केलेल्या हिशेबानुसार एकूण निर्मितीखर्च सुमारे ३ लाख ६० हजार डॉलर होता, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने साधारण दीड-पावणेदोन कोटी रुपये. मोठ्या कंपन्यांच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्यच. जानेवारी २०११ पर्यंत सुमारे २ लाख प्रती आणि पहिल्या वर्षाअखेर ३ लाख ९० हजारांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. जाहिरातीवर फारसा खर्च झाला नव्हता. खेळताना दचकणाऱ्या, ओरडणाऱ्या तरुणांच्या चित्रफिती यू-ट्यूबवर पसरल्या आणि त्यांनीच जाहिरातीचे काम केले. दुसऱ्याला घाबरलेले पाहण्यात मनुष्याला आनंद वाटतो, ही काही नवी गोष्ट नाही. ती विक्रीच्या उपयोगी पडू शकते हे मात्र नव्याने उमगले.

पुढील दशकात साधने झपाट्याने स्वस्त झाली. त्रिमितीय चित्रणाचे ब्लेंडर हे सॉफ्टवेअर २००२ पासूनच मुक्त होते. २०१५ मध्ये अनरियल हे इंजिन प्रारंभिक शुल्काविना खुले झाले. २०१७ पासून स्टीम या विक्रीमंचावर शंभर डॉलर भरून कोणालाही आपला खेळ मांडता येऊ लागला. १८ सप्टेंबर २०२० रोजी, अपूर्णावस्थेतच, विक्रीस आलेला 'फॅस्मोफोबिया' हा भुताचा मागोवा घेण्याचा खेळ डॅनियल नाइट या एकाच इंग्रज निर्मात्याने तयार केलेला होता.

आशियातील शेजारी

युरोपातील हे उदाहरण पाहून 'त्यांना जमले, आपल्याला कसे जमेल?' असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर स्वीडनमध्ये शोधण्यापेक्षा इंडोनेशिया आणि तैवान येथे शोधणे अधिक उचित ठरेल.

बांडुंग येथील डिजिटल हॅपिनेस या चमूने २०१३ मध्ये लोकवर्गणीच्या मार्गाने २५ हजार डॉलर मागितले आणि ते त्यांना मिळाले. २०१४ मध्ये आलेल्या 'ड्रेडआउट'मध्ये लिंडा नावाची शाळकरी मुलगी मोबाइलच्या कॅमेऱ्याने भुतांना सामोरी जाते. ही भुते इंडोनेशियाच्या लोकसमजुतींतील आहेत. कफनात बांधलेले 'पोचोंग' त्यांपैकीच एक. निर्मात्यांनी ती परक्या खेळाडूला समजतील की नाही याची धास्ती बाळगली नाही. अनोळखी भूत अधिक भीतिदायक ठरते, हा त्यांचा अंदाज खरा ठरला.

तैवानच्या रेड कँडल गेम्सने जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला 'डिटेन्शन' याहून महत्त्वाचा आहे. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ या काळात लष्करी कायदा होता. या दडपशाहीच्या पर्वास 'श्वेत दहशत' असे संबोधले जाते. त्यातील १९६० च्या दशकात, एका डोंगराळ भागातील शाळेत, बंदी असलेली पुस्तके वाचणाऱ्या एका लहानशा मंडळाची ही कथा आहे. शाळेत फिरणारी भुते ताओ आणि बौद्ध श्रद्धांतून आलेली आहेत. परंतु खरी भीती भुतांची नसून फितुरीची आहे. कोणी कोणाचे नाव कळविले? इतिहासाच्या अध्यापकाने चार तास व्याख्यान देऊन जे पोहोचवावे ते हा खेळ तितक्याच वेळात विद्यार्थ्याच्या अंगावर काटा आणून पोहोचवितो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. २०१९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

महाराष्ट्राची भयपरंपरा

आता आपल्याकडील सामग्री पाहू. वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात किंवा वऱ्हाडातील कोणत्याही गावात मुंजा कोठे राहतो असे विचारले, तर उत्तर पिंपळाकडे बोट दाखवूनच मिळते. हडळीचे पाय उलटे असतात, खवीस वाट अडवितो, वेताळ आपल्या लवाजम्यासह निघतो. यांत भयखेळाच्या दृष्टीने 'चकवा' ही समजूत विशेष लक्षणीय आहे. रात्री शेतातून परतणारा माणूस ओळखीच्या वाटेने चालत राहतो आणि पुन्हा पुन्हा त्याच बांधावर, त्याच झाडापाशी येतो. २०१४ मध्ये जपानी निर्माते हिदेओ कोजिमा यांचा 'पी. टी.' हा लघुखेळ जगभर गाजला तो नेमक्या याच कल्पनेवर. एका घराचा बोळ ओलांडून दार उघडावे तर पुन्हा तोच बोळ समोर येतो, आणि प्रत्येक फेरीत त्यात काहीतरी बदललेले असते. समीक्षकांनी या रचनेचे नावीन्य वाखाणले. आपल्याकडील कोणत्याही आजीला ते नवीन वाटले नसते.

लिखित परंपराही दुबळी नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. पाश्चात्त्य भयकथांचे, लवक्राफ्टच्या कल्पनाविश्वाचेही, सांगाडे त्यांनी घेतले. पण त्यांवर चढविलेले रक्तमांस वाड्यांचे, माजघरांचे आणि मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांचे होते. हे अनुकरण की देशीकरण, हा वाद जुना आहे. परंतु हेल्सिंगबोर्गच्या तरुणांनी आपल्या इंजिनाला ज्या लेखकाचे नाव दिले त्याच लेखकाचे ऋण धारपांनी कित्येक दशके आधी मराठीत आणले होते, ही गोष्ट देशीकरणाच्या बाजूचीच साक्ष देते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची वाट वेगळी. त्यांच्या गूढकथांत भूत बहुधा माणसाच्या अपराधी मनातून निघते. 'डिटेन्शन'ची जात हीच आहे.

ही परंपरा दृश्यमाध्यमात विशेष गाजली ती 'तुंबाड'मुळे. 'थँक यू मिस्टर ग्लाड'चे लेखक अनिल बर्वे यांचे पुत्र राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राने धारपांची एक गोष्ट सांगितली. तिच्या भीतीतून सुरू झालेला प्रवास १२ ऑक्टोबर २०१८ रोजी चित्रपटगृहापर्यंत पोहोचला. मध्यंतरी २०१२ मध्ये चित्रीकरण झाले, ते समाधानकारक न वाटल्याने बराच भाग पुन्हा चित्रित करावा लागला. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी मर्यादित यश मिळालेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षकांनी गर्दी केली. 'तुंबाड'ची रचना पाहिली तर ती एखाद्या खेळासारखीच भासते. गर्भगृहात उतरावे, पिठाचे रिंगण आखावे, कणकेची बाहुली टाकून हस्तरला गुंतवावे, तेवढ्या अवधीत मुद्रा घ्याव्यात आणि निघावे. नियम ठरलेले, अवधी ठरलेला, आणि लोभाने एक पाऊल पुढे टाकले की अंत. भाषा मात्र हिंदी आहे. २०२४ मध्येच आलेला 'मुंज्या'ही हिंदीच. मराठी भुतांना मोठा पडदा मिळाला, पण त्यासाठी त्यांना भाषा बदलावी लागली, ही बाब नोंदविणे भाग आहे.

पुण्यातील 'राजी'चा अनुभव

निर्मितीकौशल्याचा प्रश्न उरतो. तेथे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे उदाहरण निर्णायक आहे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ तयार केला. तो भयखेळ नाही. डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी राजी असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते आणि दुर्गा व विष्णू तिच्या प्रवासाचे निवेदन करतात. कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या पद्धतीने उलगडतात. चित्रशैलीवर पहाडी लघुचित्रांची छाप आहे.

२०१७ च्या अखेरीस या चमूने किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन केले. ठरलेले लक्ष्य गाठता आले नाही. काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकाला स्वतःची सदनिका विकावी लागल्याची हकिकत प्रसिद्ध झाली आहे. शतकापूर्वी फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली होती आणि सरस्वतीबाईंच्या दागिन्यांचाही त्या उद्योगाला हातभार लागला होता. शंभर वर्षांत माध्यम बदलले, तंत्र बदलले. भांडवल उभे करण्याची रीत फारशी बदललेली दिसत नाही. बांडुंगच्या चमूला २५ हजार डॉलर जगाने दिले आणि पुण्याच्या चमूला लक्ष्याइतकी रक्कम मिळाली नाही, यातील फरक केवळ नशिबाचा म्हणता येणार नाही. भयखेळाचा चाहतावर्ग लहान पण निष्ठावंत असतो आणि अपुऱ्या सजावटीकडे तो काणाडोळा करतो. पौराणिक साहसाला भव्यता लागते, आणि भव्यता महाग असते.

'राजी' १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या नामांकनांत त्याचा समावेश झाला. पुरस्कार मिळाला तो 'फॅस्मोफोबिया'ला. पुण्यातील एका संपूर्ण चमूने कित्येक वर्षे खपून, घरदार पणाला लावून केलेल्या देखण्या कामापुढे एकट्याने केलेला, दिसायला ओबडधोबड असा भुताचा खेळ सरस ठरला. यात 'राजी'चे न्यून नाही. मात्र साधने कमी असतील तेव्हा कोणता प्रकार निवडावा, या प्रश्नाला येथे एक उत्तर आहे.

'फॅस्मोफोबिया'ची आणखी एक गोष्ट मराठीच्या अध्यापकांनी ध्यानात घ्यावयास हवी. त्यातील भूत खेळाडूचे बोललेले शब्द ऐकते आणि त्यांना प्रतिसाद देते. त्याच्याशी बोलावयाचे तर संगणकाला ती भाषा ऐकून ओळखता आली पाहिजे. पिंपळावरच्या मुंजाशी वऱ्हाडीत बोलता येणे ही करमणुकीची बाब वाटेल. पण वऱ्हाडी बोलीच्या ध्वनिमुद्रणांचा व्यवस्थित संग्रह असल्याशिवाय ते शक्य नाही, आणि असा संग्रह करणे हे भाषाविभागांचेच काम आहे.

ग्रामीण विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक अडचण स्पष्टपणे मांडली पाहिजे. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे किन्हीराजातील मुलाच्या हाती खेळ पोहोचला तो मोबाइलवर. मोबाइलवर खेळता येते. खेळ घडविण्यासाठी संगणक लागतो. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रांसाठीच्या धोरणाला मंजुरी दिली. अशी धोरणे मुंबई-पुण्यापुरतीच सीमित राहिली तर पिंपळ, बांध आणि चकवा ज्यांच्या रोजच्या अनुभवाचा भाग आहेत ती मुले केवळ ग्राहक म्हणून उरतील. महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सायंकाळी कुलूपबंद असते. ब्लेंडर आणि गोडो ही दोन्ही सॉफ्टवेअरे तेथे एका रुपयाच्याही खर्चाविना बसविता येतात.

साधनांच्या जतनाचा प्रश्न

व्हिडिओ गेम ग्रंथाप्रमाणे कपाटात राहत नाही. 'पी. टी.' हा खेळ प्रकाशक कंपनीने एप्रिल २०१५ मध्ये विक्रीमंचावरून काढून घेतला. त्यानंतर तो ज्यांच्या यंत्रात होता त्यांच्यापुरताच उरला. रेड कँडलच्या दुसऱ्या खेळाची कथा याहून गंभीर आहे. १९८० च्या दशकातील तैपेईतल्या एका कुटुंबावर बेतलेला 'डिव्होशन' १९ फेब्रुवारी २०१९ रोजी आला. त्यातील भिंतीवरच्या एका ताइतावर चीनच्या अध्यक्षांची खिल्ली उडविणारा मजकूर असल्याचे खेळाडूंना आढळले. चिनी खेळाडूंनी संताप व्यक्त केला, निर्मात्यांनी क्षमा मागितली आणि आठवडाभरातच खेळ स्टीमवरून नाहीसा झाला. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या एका विक्रीमंचाने तो विकण्याची घोषणा केली आणि त्याच दिवशी ती मागे घेतली. अखेर मार्च २०२१ मध्ये निर्मात्यांनी स्वतःच्याच दुकानातून तो पुन्हा उपलब्ध केला. मधल्या दोन वर्षांत तो ऑनलाइन विक्रीमंचांवर विकत मिळत नव्हता. त्याच काळात, २०२० मध्ये, हार्वर्ड विद्यापीठाच्या हार्वर्ड-येंचिंग ग्रंथालयाने 'डिटेन्शन' आणि 'डिव्होशन' हे दोन्ही खेळ आपल्या संग्रहात दाखल करून घेतले.